पाळी जाताना स्पायनल कॉर्ड इंज्युरी असेल तर: हॉट फ्लॅश कुठला आणि बीपीचा धोका कुठला

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८, टी-४ लेव्हलची कम्प्लीट इंज्युरी (पाठीच्या चौथ्या मणक्याजवळ कॉर्डला पूर्ण इजा, त्याखाली संवेदना-हालचाल नाही), व्हीलचेअरवर १६ वर्षं झाली, लघवीसाठी सीआयसी (ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढणं) करतात. गेल्या वर्षभरापासून पाळी कधी दोन महिन्यांनी येते तर कधी वीस दिवसांत, आणि आता अचानक चेहरा-मान तापते, घाम फुटतो, धडधडतं, रात्री तर रोजच. युरिन इन्फेक्शन सारखं होतंय, पाय पूर्वीपेक्षा जास्त आखडतायत. फिजिशियन म्हणाले इंज्युरीमुळे असं होतंच, गायनॅक म्हणाल्या वय झालं, सहन करा, हार्मोन तुम्हाला चालणार नाहीत. तर हे नक्की काय आहे, हार्मोन घेता येतात का, आणि हे किती वर्षं चालणार, असं या ताईंनी विचारलंय.

ताई, मी रिहॅबची डॉक्टर आहे, बरीच वर्षं स्पायनल कॉर्ड इंज्युरीच्या पेशंट्सबरोबरच काम करतेय आणि त्यात चाळिशी-पन्नाशीच्या बायका आता खूप असतात, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. तुम्ही सांगताय त्यावरून पेरीमेनोपॉज, म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ, सुरू झालाय हे जवळजवळ नक्की. या वयात पाळी अशी मागेपुढे होत असेल तर त्यासाठी एफएसएच वगैरे हार्मोनच्या टेस्टचीही गरज नसते. पण तुमची इंज्युरी टी-६ च्या वर आहे (काही रिपोर्टमध्ये डी-६ लिहितात, तेच ते), म्हणून चेहरा तापला की प्रत्येक वेळी तो हॉट फ्लॅशच असं धरून चालायचं नाही. दोन्ही डॉक्टरांनी अर्धं अर्धं उत्तर दिलंय. तुमच्या बाबतीत प्रत्येक लक्षण दोन्ही बाजूंनी तपासायला लागतं, वयाच्याही आणि इंज्युरीच्याही, आणि जो एकाच बाजूवर ढकलून मोकळा होतो त्याचं ऐकून गप्प बसू नका एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

आधी एक शंका दूर करते. पुष्कळ जणींना वाटतं की इंज्युरीमुळे मेनोपॉज लवकर येतो किंवा वेगळाच असतो. ओव्हरीजना मेंदूकडून जो निरोप जातो तो हार्मोनच्या रूपात रक्तातून जातो, मणक्यातून नाही. म्हणूनच अपघातानंतर काही महिने पाळी बंद राहते आणि मग परत सुरू होते, गरोदरही राहता येतं, आणि पाळी जाते तीही साधारण इतरांसारखीच ४५ ते ५५ च्या मध्ये कधीतरी. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं. फरक पडतो तो इस्ट्रोजेन कमी झाल्यावर त्वचा, हाडं, लघवीची जागा, झोप यांचं जे होतं त्यात, कारण नेमक्या याच गोष्टी इंज्युरीने आधीच नाजूक करून ठेवलेल्या असतात.

आता मुख्य मुद्दा, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, आपण एडी म्हणू. टी-६ किंवा त्यावरच्या इंज्युरीत लेव्हलच्या खाली काही टोचत, ताणत असेल (भरलेलं ब्लॅडर, पिळलेली कॅथेटरची नळी, साचलेलं पोट, नखाचं इन्फेक्शन, घट्ट पट्टा, बेडसोर, काहीही) तर तो सिग्नल मेंदूपर्यंत पोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी झपकन वर जातं, मेंदू ते उतरवायला बघतो पण त्याचा आदेश खाली पोचत नाही, मग वरच्या भागात चेहरा लाल होतो, घाम येतो, डोकं ठणकायला लागतं, नाक चोंदतं. ऐकायला सेम हॉट फ्लॅशच वाटतं ना, म्हणूनच तर घोळ होतो. हॉट फ्लॅशमध्ये गरमी छातीतून किंवा मानेतून वर चढते, ठोके वाढतात, सहसा १ ते ५ मिनिटांत आपोआप ओसरतं आणि बऱ्याचदा नंतर हुडहुडी भरते, आणि बीपी विशेष वाढत नाही. एडीमध्ये डोकं दुखतं, तेही घण घातल्यासारखं, लेव्हलच्या खाली अंगावर काटा येतो, पाय गार आणि फिके पडतात, ठोके उलट मंद होऊ शकतात, आणि कारण दूर होईपर्यंत ते थांबत नाही.

पण या खुणांवर मी पूर्ण विसंबत नाही, कारण एखादीला एडीतही डोकं दुखत नाही, एखादीला हॉट फ्लॅशमध्येही अस्वस्थ वाटून जीव घाबरतो. खात्री देतं ते बीपीचं मशीन. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन बेडजवळ ठेवा, आणि तो झटका आला की त्याच क्षणी मोजा, दहा मिनिटांनी नाही. त्याआधी तुमचं नेहमीचं बीपी किती ते माहिती पाहिजे, तर आठवडाभर शांत असताना सकाळी झोपून आणि मग खुर्चीत बसून मोजून लिहून ठेवा. टी-६ च्या वरच्या बऱ्याच जणींचं वरचं बीपी ९० ते ११० च्या आसपासच असतं. समजा तुमचं नेहमीचं ९५ आहे आणि घाम आला तेव्हा १३० आलं, तर कुठल्याही साध्या क्लिनिकमध्ये १३० बघून "नॉर्मल आहे" म्हणतील, पण तुमच्यासाठी ते ३५ ने वाढलंय, आणि नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलं की एडी धरायचं असतं. हा आकडा, म्हणजे नेहमीचं बीपी, एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण इमर्जन्सीत समोरच्या डॉक्टरांना तो माहीत नसतो.

नोंद कशी करायची तर तारीख-वेळ, बीपी, ठोके, डोकं दुखलं का, काटा आला का, शेवटची सीआयसी कधी झाली होती, पोट कधी साफ झालं होतं, आणि किती वेळात ओसरलं. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. माझ्या एका पेशंटला, तिची इंज्युरी मानेतली, पहाटेच होणारे "फ्लॅशेस" होते आणि सगळ्यांनी मेनोपॉजच धरलेला, नोंदी बघितल्या तर प्रत्येक झटक्याच्या आधी शेवटची सीआयसी होऊन सात-आठ तास झालेले आणि बीपी चढलेलं. रात्री उशिराची एक सीआयसी वाढवली, संध्याकाळचं पाणी थोडं मागेपुढे केलं, आणि पहाटेचे झटके गेले. दुपारचे राहिले, त्यात बीपी वाढत नव्हतं, ते मात्र खरोखर हॉट फ्लॅश होते. एकाच बाईला दोन्ही होतात हे त्यातून लक्षात घ्या.

बीपी चढलंय असं दिसलं तर थांबायचं नाही. ताठ बसा किंवा बसवून घ्या, पाय खाली सोडा, पट्टे, बेल्ट, घट्ट कपडे सैल करा, दर २ ते ५ मिनिटांनी बीपी बघत राहा. मग ब्लॅडर रिकामं करा, नळी कायमची असेल तर पीळ किंवा अडथळा बघा. नंतर पोट, पण बोट घालायच्या आधी लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) लावून किमान दोन मिनिटं थांबा, नाहीतर त्या हाताळण्यानेच बीपी अजून वर जाईल. मग त्वचा, पायाची नखं, बसायची जागा. वरचं बीपी १५० च्या पुढे टिकून राहिलं किंवा कारणच सापडलं नाही तर हॉस्पिटल, आणि तोपर्यंत घ्यायचं औषध तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवा, त्या वेळी शोधाशोध करायला वेळ नसतो.

अजून काही कारणं याच घामामागे लपतात ती लिहिते. युरिन इन्फेक्शन आणि थायरॉइड ही साधी. औषधं दुसरं, ट्रॅमाडॉल (दुखण्याची गोळी) आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी घाम येतो, बॅक्लोफेन (आखडणं कमी करणारं औषध) अचानक बंद झालं (किंवा पंप संपत आला) तर खाज, ताप, घाम, स्पॅझम (स्नायू अचानक आखडणं) सगळं एकदम येतं आणि ती इमर्जन्सी असते. आणि सिरिंक्स, म्हणजे इंज्युरीच्या जागी कॉर्डमध्ये पाण्याची पोकळी वाढणं, हे अपघातानंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. घाम येण्याची जागा बदलली, फक्त एकाच बाजूला यायला लागला, बधिरपणा वर सरकला, हातात नवीन दुखणं किंवा कमजोरी आली, यातलं काही असेल तर एमआरआय करून घ्याच, त्याला मेनोपॉज म्हणून बसू नका.

आता समजा तपासून झालं आणि हे हॉट फ्लॅशच निघाले. तरी तुमचा हॉट फ्लॅश इतर बाईसारखा नाही, हे घरच्यांनाही सांगा. तुमच्या लेव्हलच्या खाली घाम नीट येत नाही, म्हणजे शरीराला गरमी बाहेर टाकायला फक्त चेहरा, मान आणि वरचा थोडा भाग मिळतो, तिथूनच धो धो घाम येतो. मानेतल्या इंज्युरीत तर काही जणींना घामच येत नाही, आतून नुसतं उकडत राहतं. शिवाय फ्लॅशमध्ये रक्तवाहिन्या सैल होतात, आणि ज्यांचं बीपी मुळातच कमी असतं त्यांना खुर्चीत बसलेलं असताना चक्कर येते. उपाय साधेच, पाण्याचा स्प्रे चेहऱ्यावर आणि हातांवर मारून पंखा लावायचा, बाष्प होताना अंग गार होतं, म्हणजे घामाचं काम आपण पाण्याकडून करून घेतो. मानेला ओला रुमाल. जिथे संवेदना नाही तिथे बर्फ किंवा आइस पॅक कधीही ठेवायचा नाही, त्वचा जळेल आणि कळणारही नाही. पंख्याचा रिमोट हाताला लागेल असा बांधून ठेवा, रात्री कोणाला हाक मारायला लागू नये, ही छोटी गोष्ट आहे पण झोपेसाठी फार उपयोगी पडते.

रात्रीच्या घामाबद्दल मला जास्त काळजी वाटते आणि ती त्वचेमुळे. इस्ट्रोजेन कमी झालं की त्वचेतलं कोलॅजेन झपाट्याने कमी होतं, मेनोपॉजनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत साधारण ३० टक्के जातं असं धरतात. त्यात ओलसर चादर, त्यावर एकाच कुशीवर तीन-चार तास. जो प्रेशर तुमच्या त्वचेने इतकी वर्षं सहन केला तोच आता सहन होत नाही, मग पंधरा-सोळा वर्षांत कधी बेडसोर न झालेल्या बाईला पन्नाशीत पहिला होतो आणि तिला कळतच नाही की मी तर नेहमीसारखंच सगळं करत होते. म्हणून जुनं वेळापत्रक तसंच ठेवू नका. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला झुकून भार काढा, आणि नुसतं क्षणभर उचलून काही होत नाही, दोन मिनिटं तरी तसं राहायला लागतं. रात्री कूस बदलताना हात फिरवून बघा, पाठ-कंबर ओली असेल तर चादर बदला. घाम टिपायला म्हणून एअर मॅट्रेसवर प्लास्टिक शीट, जाड पॅड असे थरावर थर घालतात, त्याने मॅट्रेसचा फायदाच निघून जातो, एकच पातळ सुती चादर पुरे. सकाळ-संध्याकाळ आरशाने माकडहाड, बसायची हाडं, मांड्यांच्या बाजू आणि टाचा बघायच्या, लाल डाग भार काढल्यावर अर्ध्या तासातही गेला नाही तर त्या जागेवर बसायचं बंद. आणि कुशन किती जुनं झालंय तेही तपासा.

युरिन इन्फेक्शनचं. योनीतला आणि युरेथ्राचा (लघवीच्या नळीचा) आतला थर दोन्ही इस्ट्रोजेनवर जगतात. ते कमी झालं की तो थर पातळ आणि कोरडा होतो, चांगले बॅक्टेरिया कमी होतात, आंबटपणा जातो (पीएच ४.५ च्या खाली असतो तो ५ च्या वर जातो) आणि आतड्यातले जंतू तिथे ठाण मांडतात. तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा त्याच जागेतून कॅथेटर घालताय, म्हणजे तुमची टेक्निक चुकत नसतानाही इन्फेक्शन वाढू शकतं, उगाच स्वतःला किंवा मदत करणाऱ्याला दोष देऊ नका. यावर फार चांगला उपाय आहे, योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन, क्रीम किंवा छोटी गोळी, पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात अगदी नगण्य जातं, रक्ताच्या गुठळीचा धोका त्याने वाढलेला दिसलेला नाही, म्हणून "हार्मोन चालणार नाहीत" हे वाक्य या क्रीमला लावायचं कारण नाही. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. बोटांत पकड नसेल तर अॅप्लिकेटरला जाड हँडल लावता येतं, किंवा जिथे मिळते तिथे तीन महिने आत राहणारी रिंग सोयीची पडते. पहिल्या वेळी लावताना बीपी मोजत लावा, तिथे हाताळल्यानेही एडी होऊ शकतं.

आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका. कॅथेटर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या लघवीत जंतू असतातच. ताप, स्पॅझम अचानक वाढणं, मधेच गळती, एडी, अंग मोडून येणं अशी लक्षणं असतील तर कल्चर पाठवून मग औषध, आणि नळी कायमची असेल तर नवीन नळी घालून तिच्यातून सॅम्पल घ्यायचं, जुन्या नळीतलं सॅम्पल चुकीचं चित्र दाखवतं. तुमचे पाय जास्त आखडतायत त्याचं कारणही कदाचित इथेच असेल. स्पॅझम वाढले की बॅक्लोफेनचा डोस वाढवण्याआधी लघवी, पोट, त्वचा, नखं आणि पायाचं हाड एवढं तरी बघायचंच.

आता मोठा प्रश्न, पूर्ण शरीराला द्यायचे हार्मोन, एचआरटी. भीती कशाची आहे तर पायात गुठळी होण्याची आणि ती फुप्फुसात जाण्याची. इंज्युरीनंतर गुठळीचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या तीन महिन्यांत असतो, नंतर बराच उतरतो, पण पाय हलत नाहीत म्हटल्यावर तुम्हाला "धोका नाही" असं मी म्हणणार नाही. आता यात बारकावा असा की तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिव्हरमधून जातात आणि रक्त गोठण्याचे घटक वाढवतात, धोका साधारण दुप्पट होतो, पण त्वचेवरचा पॅच किंवा जेल नेहमीच्या डोसमध्ये तसा धोका वाढवत नाहीत असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून माझं मत असं, वय ६० च्या आत, मेनोपॉजला १० वर्षं झालेली नाहीत, आधी कधी गुठळी झालेली नाही, ब्रेस्ट कॅन्सर, स्ट्रोक, हार्टचा त्रास नाही, आणि फ्लॅशेसमुळे झोप-त्वचा खराब होतेय, तर पॅच किंवा जेलचा विचार करायला हवा, आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. गोळी मात्र तुम्हाला मी देणार नाही. आधी गुठळी झालेली असेल तर तो निर्णय रक्ताच्या डॉक्टरांना सोबत घेऊन.

पॅच कमरेखाली लावायला सांगतात, तर तुम्ही पोटाच्या खालच्या भागात बाजूला लावा, बेल्ट, खुर्चीची कड, ट्रान्सफर बोर्ड घासणार नाही अशा जागी, आणि बसायच्या जागेवर म्हणजे नितंबावर तर नकोच. तिथे संवेदना नाही म्हणून पॅच काढल्यावर खाली लाल झालंय का ते डोळ्यांनी बघायचं, दर वेळी जागा बदलायची, त्यावर गरम पिशवी वगैरे ठेवायची नाही, औषध एकदम जास्त शोषलं जातं. जेल मदतनीस लावून देत असतील तर त्यांनी ग्लोव्ह्ज घालायचे.

हार्मोन नको असतील तर पर्याय आहेत पण ते तुमच्या चालू गोळ्यांच्या यादीशी जुळवूनच घ्यायचे, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते कारण गायनॅकना ती यादी दाखवलेलीच नसते. गॅबापेंटिन फ्लॅशेस कमी करतं, नसांच्या दुखण्यासाठी ते आधीच चालू असेल तर फक्त रात्रीचा डोस थोडा वर सरकवून काम भागतं का ते बघता येतं, एका गोळीत दोन कामं. व्हेन्लाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन यांनीही फरक पडतो, पण व्हेन्लाफॅक्सिनने बीपी थोडं वाढू शकतं आणि ट्रॅमाडॉलबरोबर या गोळ्या घेतल्या तर सेरोटोनिन जास्त होऊन थरथर, स्पॅझम, ताप येऊ शकतो, आणि तुमच्यात ते "नेहमीचे स्पॅझम" म्हणून दुर्लक्षित होईल. क्लोनिडीन (बीपी उतरवणारं औषध) कधी कधी देतात, ज्यांचं बीपी बसल्या बसल्या पडतं त्यांना ते नको, आणि टिझानिडीन (हेही आखडणं कमी करायचं औषध) चालू असेल तर अजिबातच नको. ऑक्सिब्युटिनिन ब्लॅडरसाठी बऱ्याच जणी घेतातच, त्याने फ्लॅशेसही कमी होतात, पण ते घाम बंद करून काम करतं, ज्यांना आधीच घाम कमी येतो त्यांचं अंग उन्हाळ्यात तापू शकतं, शिवाय पोट घट्ट होतं आणि वय वाढेल तसं विसराळूपणाचा प्रश्न असतो, त्यामुळे फक्त फ्लॅशेससाठी म्हणून मी ते सुरू करत नाही. फेझोलिनेटंट हे नवीन, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, हार्मोन नसलेलं औषध आहे, मेंदूच्या तापमान सांभाळणाऱ्या भागावरच काम करतं, त्यात लिव्हरच्या टेस्ट अधूनमधून करायला लागतात.

हाडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मला सांगायलाच हवं. इंज्युरीनंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत पायांच्या हाडांतून खूप कॅल्शियम निघून गेलेलं असतं, विशेष करून गुडघ्याच्या लगेच वर आणि लगेच खाली, आणि आता मेनोपॉजमुळे दुसऱ्यांदा झीज सुरू होते. फ्रॅक्चर व्हायला पडायला लागत नाही. पँट चढवताना पाऊल अडकून पाय पिळला, ट्रान्सफरमध्ये पाय मागे राहिला, कोणी व्यायाम देताना गुडघा जोर लावून वाकवला, एवढं पुरतं. दुखत नाही, म्हणून संध्याकाळी मोजा काढताना कळतं की एका पायावर मोज्याचा वळ दुसऱ्यापेक्षा खोल उमटलाय, गुडघा हाताला गरम लागतोय, स्पॅझम वाढलेत, थोडी कणकण आहे. असं दिसलं तर एक्स-रे आणि गुठळीसाठी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) दोन्ही त्याच दिवशी, कारण दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, आणि तोपर्यंत तो पाय चोळायचा-वाकवायचा नाही.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची टेस्ट) करताना कंबरेच्या मणक्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होऊ नका, तिथे रॉड-स्क्रू असतील किंवा हाड वाढलेलं असेल तर तो आकडा खोटाच चांगला येतो. हिप आणि जमत असेल तर गुडघ्याजवळचा स्कॅन मागा. व्हिटॅमिन डी तपासून भरून काढा, कॅल्शियमच्या गोळ्या मुतखडा झालेला असेल तर विचारून. हाडांची गोळी अॅलेंड्रोनेट घेतली तर नंतर अर्धा तास ताठ बसायला लागतं, नाहीतर अन्ननलिका भाजते, ज्यांना सकाळी उठल्यावर लगेच बसवतच नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड सोपं जातं. डेनोसुमॅब सुरू केलं तर दर सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकवायचं नाही, मधेच सोडलं तर हाडं उलट वेगाने झिजतात. रॅलॉक्सिफेन मात्र नको, त्याने गुठळीचा धोकाही वाढतो आणि फ्लॅशेसही.

खांदा या वयात जाम होऊ शकतो, फ्रोझन शोल्डर, आणि तुमच्यासाठी खांदा म्हणजेच पाय. रात्री दुखायला लागला, हात बाहेरच्या बाजूला वळेनासा झाला तर "व्हीलचेअर ढकलून दुखतो" म्हणून सोडू नका, लवकर दाखवा. वजन या काळात पोटावर चढतं, इंज्युरीत बीएमआय २२ च्या वर गेला की जास्तच समजायचं, नेहमीचा २५ चा हिशोब चालत नाही. घोरणं, सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग हे सगळं हार्मोनवर टाकू नका, स्लीप अॅप्नियासाठी झोपेची टेस्ट करून घ्या, विशेषतः मानेतली इंज्युरी असेल तर.

पाळीचं. जास्त रक्तस्राव होत असेल तर पॅड घातलेल्या जागेचा ओलावा आणि दाब दोन्ही त्वचेला घातक, पॅड वारंवार बदला. त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या कोणी दिल्या तर गुठळीचा मुद्दा काढा, हार्मोनची कॉपर-टीसारखी आययूडी असते तिचा विचार होऊ शकतो, बसवताना एडीची तयारी ठेवून. पाळी पूर्ण जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी सोनोग्राफी लागते. तुमच्या बाबतीत अडचण ही की डायपरवर डाग दिसला की मूळव्याध असेल, कॅथेटर लागला असेल असं म्हणून तो विषय बंद होतो. रक्त कुठून आलं हे शोधूनच काढायचं. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत गर्भ राहू शकतो, तेही ध्यानात असू द्या.

गायनॅककडे जाताना आधी फोन करून सांगा की टेबलवर चढवायला दोन माणसं आणि थोडा जास्त वेळ लागेल. ब्लॅडर आणि पोट रिकामं करून जा, बीपी मशीन सोबत घ्या, तपासताना कोणीतरी मोजत राहू दे. पाय रिंगांमध्ये अडकवायची गरज नसते, एका कुशीवर झोपून किंवा गुडघ्याखाली उशी देऊनही तपासता येतं, स्पेक्युलम घालण्याआधी लिग्नोकेन जेली लावायला सांगा. टेबलवर चढता येत नाही म्हणून पॅप स्मिअर राहून जाते, खुर्चीत बसून होत नाही म्हणून मॅमोग्राफी राहून जाते, हे मी सारखं बघते आणि मला त्याचा संताप येतो. बसून मॅमोग्राफी होते, मशीन खाली येतं, सेंटरला आधी विचारा.

मनाचंही लिहिते. कितीतरी बायका मला सांगतात की एवढ्या वर्षांत बसवलेलं सगळं रुटीन परत विस्कटलं, परत कोणावर तरी अवलंबून राहायला लागतंय, अपघातानंतरचे दिवस आठवतात. हे वाटणं खरं आहे, आणि पेरीमेनोपॉजमध्ये डिप्रेशनचं प्रमाण तसंही वाढतं. चिडचिड, रडू, काही करावंसं न वाटणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर ते बोलून दाखवा, त्यावर उपचार आहेत. नवऱ्याशी जवळीक करताना त्रास होत असेल तर पाण्याचा ल्युब्रिकंट भरपूर वापरा, संवेदना नाही म्हणून कोरडेपणाने आत जखम झालेली कळत नाही, नंतर रक्त दिसतं किंवा एडी होतं.

किती वर्षं चालणार, तर हॉट फ्लॅशेस साधारण सात वर्षांपर्यंत धरा, काहींचे लवकर जातात, काहींचे दहाच्याही पुढे रेंगाळतात, पण त्यांचा जोर हळूहळू उतरतो. योनीचा आणि लघवीच्या जागेचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, वर्षागणिक वाढतो, म्हणून फ्लॅशेस थांबले की क्रीमही बंद असं करू नका, ते पुढेही चालूच ठेवायचं असतं. हाडांची झीज शेवटच्या पाळीच्या आगेमागे तीन-चार वर्षं सगळ्यात वेगाने होते, त्यामुळे डेक्सा याच वर्षी करून घ्या. आणि बीपीची वही आजपासून, दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की ती वही आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन आधी रिहॅबच्या डॉक्टरांकडे आणि मग गायनॅककडे जा, त्याच वहीत दोघांनाही काय ठरलं ते लिहायला सांगा.